पिल्लाचे डोस मोजू नका, आठवडे मोजा: कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणाची पायरीपायरीने कृती

‘याचे सगळे डोस झालेत’ असं कुणी सांगितलं की मी एकच विचारतो: शेवटचा डोस पडला तेव्हा पिल्लू किती आठवड्यांचं होतं? बहुतेकांना ते सांगता येत नाही. किती डोस झाले ते पाठ असतं, वय मात्र कुणी मोजलेलं नसतं.

आमच्याच इमारतीतल्या एका लॅब्राडॉरच्या पिल्लाला सहाव्या आणि नवव्या आठवड्यात, अगदी तारखेला, दोन डोस मिळाले होते. चौदाव्या आठवड्यात ते पार्वोने, म्हणजे आतड्यांवर हल्ला करणाऱ्या विषाणूने, आडवं झालं. रक्ताची हगवण, उलट्या, पाच दिवस सलाइन. वाचलं, पण घरच्यांचा राग लशीवरच राहिला. लस खोटी नव्हती, वेळापत्रक अर्ध्यावर सोडलं होतं.

त्याचं कारण आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे टप्पे त्यावरच बेतलेले आहेत. आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, पिल्लाला तयार संरक्षण मिळतं. ते रक्तात असेपर्यंत टोचलेली लस तिथेच निकामी होते, पिल्लाचं शरीर स्वतः काही शिकत नाही. हे संरक्षण एखाद्या पिल्लात आठव्या आठवड्यात ओसरतं, एखाद्यात चौदाव्या-पंधराव्या. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो आणि नुसतं बघून ते कळत नाही. म्हणून डोस पुन्हा पुन्हा देतात. दुसरा डोस पहिल्याला जोर आणायला असतो असा समज आहे. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा विषाणूजन्य रोग) यांच्या बाबतीत तसं नाही. आधीचा फुकट गेला असेल तर निदान हा लागू पडावा, एवढाच हेतू असतो. त्यामुळे या मालिकेतला शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतरच पडायला हवा. त्याआधी चार डोस झालेले असले तरीही.

## टप्पा १: वय ठरवा, अंदाजाने नव्हे

पिल्लू विकत घेतलं असेल तर जन्मतारीख लेखी मागा. आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरी पाच आठवड्यांचं पिल्लू ‘दोन महिन्यांचं’ म्हणून हातात ठेवणारे भेटतात. मग सगळ्या तारखा तीन आठवड्यांनी पुढे सरकतात आणि तुमचा ‘सोळावा’ आठवडा प्रत्यक्षात तेरावा असतो.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय दातांवरून काढा. समोरचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. आठव्या आठवड्यापर्यंत सुयांसारखे टोकदार दुधाचे दात सगळे आलेले असतात. समोरचे दुधाचे दात पडून रुंद, पक्के दात दिसायला लागले, तर पिल्लू तीन ते चार महिन्यांचं आहे. मांजराच्या पिल्लातही पक्के दात साधारण साडेतीन-चार महिन्यांनीच यायला लागतात. शंका असेल तर कमी वय धरा. एक डोस जास्त झाल्याने काही बिघडत नाही.

तपासा: कार्डावर ‘वय २ महिने’ असं लिहून घेऊ नका. जन्मतारीख लिहून घ्या, अंदाजे असेल तर तसं नमूद करून. पुढच्या डॉक्टरांना त्यावरून हिशेब करता येतो.

## टप्पा २: आठवडाभर आधीची तयारी

आधी जंताचं औषध. पिल्लं बहुधा पोटात जंत घेऊनच जन्मतात किंवा आईच्या दुधातून ते त्यांना मिळतात. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन-तीन महिन्यांची झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी, असा क्रम डॉक्टर सांगतात. औषध वजनावर ठरतं, म्हणून आधी वजन करा. घरच्या काट्यावर पिल्लाला कडेवर घेऊन उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. पोट फुगलेलं, हाडं वर आलेली आणि शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसत असतील, तर लशीच्या किमान आठवडाभर आधी औषध होऊन जाऊ द्या.

मग तब्येत. नाक कोरडं आहे, गरम आहे, यावरून ताप ठरत नाही. डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्या-मांजरांचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. माणसाचे ९८.६ डोक्यात ठेवून कित्येक जण निरोगी पिल्लाला ताप चढवतात.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी:

- मागच्या दोन दिवसांत झालेली उलटी, पातळ शी, खोकला, नाकाडोळ्यांतून पाणी.
- गोचीड झाले होते का, हिरड्या पांढुरक्या दिसतात का. गोचिडांच्या तापात लस पुढे ढकलतात.
- खाजेसाठी गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे का. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि मोठ्या मात्रेत ते लशीचा परिणाम दाबतं.
- मादी गाभण आहे किंवा असण्याची शक्यता आहे का. जिवंत विषाणूंची लस गाभणीला सहसा देत नाहीत.
- मागच्या लशीनंतर तोंड सुजलं होतं का, अंगावर गांधी उठल्या होत्या का.

थांबा: आजारी पिल्लाला ‘आलोच आहोत तर टोचून टाका’ म्हणू नका. थोडी सर्दी किंवा अंगावरचं खरचटणं चालतं. पण ताप, जुलाब, न खाणं यांत लस थांबते. पार्वो किंवा डिस्टेंपरची लागण आधीच झालेली असेल तर लस तिला उलटवू शकत नाही.

## टप्पा ३: लस कुठून आली ते बघा

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. दवाखाना कितीही चकचकीत असो, मी फ्रिजबद्दल विचारतो. राग न मानता दाखवणारे डॉक्टर मला आवडतात. लशी फ्रिजच्या दारात ठेवलेल्या नसाव्यात, दार दरवेळी उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं.

गावाकडे अजूनही ‘मेडिकलमधून लस घेऊन या, मी टोचतो’ ही पद्धत आहे. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात स्कूटरच्या डिकीत ठेवून आणलेली लस म्हणजे महागडं पाणी. आणायचीच असेल तर थर्मासमध्ये बर्फ घाला आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, बर्फ थेट बाटलीला टेकू देऊ नका. रेबीजची लस गोठली की बिघडते, मग ती पुन्हा वितळवून उपयोग नाही. म्हणून ‘जास्त थंड तितकं चांगलं’ समजून बर्फाच्या कप्प्यातही टाकू नका. दुकानात बाटली घेताना ती फ्रिजमधूनच निघाली का, ते डोळ्यांनी बघा.

स्वतः टोचू नका. सुई टोचणं अवघड नाही, पण तोंड सुजून श्वास अडकला तर पुढची दहा मिनिटं तुमच्या हातात काहीच नसतं. शिवाय महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढताना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सहीचा रेबीजचा दाखला लागतो. घरी टोचलेल्या लशीचा दाखला कुणी देत नाही.

परवडत नसेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. ६ जुलैच्या प्राणिजन्य रोग दिनाला आणि २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला ठिकठिकाणी रेबीजची मोफत शिबिरं लागतात. मात्र शिबिरात बहुधा फक्त रेबीजचीच लस मिळते, पार्वो-डिस्टेंपरची वेगळी घ्यावी लागते.

## टप्पा ४: कुत्र्याच्या पिल्लाचं वेळापत्रक लिहून काढा

आधी नावांचा गोंधळ. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ हे आकडे ऐकून त्यात सगळं आलं असं वाटतं. या पॅकमध्ये डिस्टेंपर, पार्वो, कावीळ करणारा अॅडिनोव्हायरस, खोकला आणणारा पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, काही प्रकार असतात. रेबीज सहसा त्यात नसतो. नाइन इन वन तीनदा देऊन रेबीजची एकही लस न झालेली कुत्री मी बघितली आहेत, आणि घरचे शपथेवर सांगतात की ‘सगळं झालंय’. कार्डावर रेबीज हा शब्द वेगळा, स्वतःच्या तारखेसह दिसला पाहिजे. तसंच आकडा मोठा म्हणजे लस भारी, असंही नाही. कोरोनाची (कुत्र्यांच्या वेगळ्या कोरोनाची, कोविडची नव्हे) जास्तीची लस कुत्र्यांना आवश्यक मानली जात नाही.

समजा पिल्लू १० जानेवारी २०२६ चं आहे. मग:

- ७ मार्च, ८ आठवडे: डिस्टेंपर-पार्वो गटाचा पहिला डोस.
- ४ एप्रिल, १२ आठवडे: तोच गट, सोबत लेप्टोचा पहिला डोस, आणि रेबीजचा पहिला.
- २ मे, १६ आठवडे: तोच गट, लेप्टोचा दुसरा, आणि बरेच डॉक्टर देतात तो रेबीजचा दुसरा डोस.
- ११ जुलैच्या आसपास, २६ आठवडे: डिस्टेंपर-पार्वो गटाचा आणखी एक. पूर्वी हा पहिल्या वाढदिवसाला देत. आता पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सहा महिन्यांवरच द्यायला सांगतात, म्हणजे आधीचे सगळे फुकट गेले असले तरी पिल्लू वर्षभर उघडं राहत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी सहाव्या आठवड्यापासून तीन आठवड्यांच्या अंतराने सुरू केलं, तर डोस एक-दोन वाढतील. हरकत नाही. गर्दीच्या कुत्रापालन केंद्रातून आलेल्या किंवा आसपास पार्वो चालू असलेल्या पिल्लाला लवकर सुरू करणंच शहाणपणाचं. १६ आठवड्यांपर्यंतच्या दोन डोसांत दोन आठवड्यांपेक्षा कमी अंतर नको आणि चारपेक्षा जास्तही नको.

लेप्टोकडे आपण महाराष्ट्रात आणि गोव्यात खास लक्ष द्यायला हवं. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा आजार कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याची साथ आली होती, आणि सिंधुदुर्गातल्या भातशेतीत तर पावसाळा लागला की लेप्टोची चर्चा सुरू होते. पहिल्यांदा घेताना दोन डोस लागतात, एकाने काम होत नाही. संरक्षण दुसऱ्या डोसानंतर येतं आणि वर्षभरच टिकतं. म्हणून मृगाचा पाऊस धरून मागे मोजा: दुसरा डोस मेच्या मध्यापर्यंत, तर पहिला एप्रिलमध्ये. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, गल्लीत गुडघाभर पाणी असताना ‘लेप्टोचं बघू या’ म्हणून येणाऱ्यांना फार उशीर झालेला असतो.

तपासा: रेबीजची लस बारा आठवड्यांच्या आत झाली असेल तर ती हिशेबात धरू नका, वय भरल्यावर पुन्हा घ्या.

## टप्पा ५: मांजराचं वेगळं लिहा

‘मनी घराबाहेर जातच नाही’ हे मांजरवाल्यांचं ठरलेलं वाक्य. मनी जात नाही, पण तुमच्या चपला जातात. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा पार्वोचाच भाऊबंद आहे. तो चपलेवरून, कपड्यांवरून घरात येतो आणि न टोचलेल्या पिल्लांचं अख्खं वेत दोन-तीन दिवसांत संपवतो. शिवाय रात्री खिडकीतून शिरलेल्या वटवाघळाला किंवा उंदराला मांजर सोडत नाही.

मांजराला ‘ट्रायकॅट’ म्हणून ओळखली जाणारी तिहेरी लस मिळते: पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी. आठ, बारा, सोळा आठवडे हाच क्रम, आणि बारानंतर रेबीज. मोठं, इतिहास माहीत नसलेलं मांजर आणलं तर तिहेरीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि एक रेबीज. हर्पिस-कॅलिसीची लस शिंका पूर्ण थांबवत नाही, आजार सौम्य करते. लस झालेलं मांजर शिंकलं म्हणून लस वाया गेली असं नाही.

कुत्र्याची लस मांजराला किंवा उलट चालत नाही. रेबीजच्या काही लशी दोघांनाही चालतात, ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

न्यायची पद्धत मात्र सुधारा. पिशवीत कोंबलेलं किंवा नुसतं छातीशी धरलेलं मांजर रिक्षाचा हॉर्न वाजला की उडी मारतं, आणि मग लस राहते बाजूला, तुम्ही खांबाखांबावर फोटो चिकटवत फिरता. वरून उघडणारा कॅरियर चार दिवस आधीपासून खोलीत उघडा ठेवा, त्यात त्याचं झोपायचं फडकं घाला, एकदोनदा खायलाही आतच द्या. कॅरियर नसेल तर झाकणाची घट्ट टोपली. फारच बिथरणाऱ्या बोक्यासाठी मोठा टॉवेल न्या.

## टप्पा ६: दवाखान्यातल्या दहा मिनिटांत काय बघायचं

पिल्लाला हलकं खायला घालून न्या, अगदी उपाशी नको. रांगेत असताना जमिनीवर सोडू नका. ज्या बाकाखाली तुमचं पिल्लू हुंगतंय, तिथे तासाभरापूर्वी पार्वोचा रुग्ण बसून गेलेला असू शकतो.

लस टोचण्याआधी:

1. बाटली हातात घ्या. नाव आणि मुदत वाचा.
2. डिस्टेंपर-पार्वोच्या लशीत एक कोरडी टिकली आणि एक पातळ द्रव अशा दोन बाटल्या असतात. ते तुमच्यासमोर मिसळलं जाऊ द्या. सकाळी मिसळून ठेवलेली लस संध्याकाळी चालत नाही.
3. सुई-सिरिंज नवी.
4. पूर्ण डोस. पामेरियन छोटं आहे म्हणून अर्धी, किंवा दोन पिल्लांत एक बाटली, हे दोन्ही चुकीचं. ग्रेट डेनला जेवढी, तेवढीच चिहुआहुआला. लशीची मात्रा औषधासारखी वजनावर ठरत नाही.
5. मांजराच्या अंगावर लशीचा थेंब सांडला तर लगेच पुसा, चाटू देऊ नका.

टोचल्यावर बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर बॅच क्रमांक असतो. शेजारी तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. मग कार्डाचा फोटो काढा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहा. मोबाइलची आठवण आपण एका बोटाने उडवतो, भिंतीवरची रोज डोळ्यासमोर असते.

थांबा: लगेच निघू नका. अर्धा तास दवाखान्यात किंवा खाली गाडीत थांबा. तोंड, पापण्या सुजणं, अंगावर गांधी, लागोपाठ उलट्या, हिरड्या पांढऱ्या पडणं, पिल्लू कोलमडणं यातलं काहीही दिसलं तर रांग मोडून आत जा. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत किंवा तासांत होतं. म्हणूनच दवाखाना बंद व्हायच्या वेळी लस घेऊ नका, सकाळची वेळ धरा.

## टप्पा ७: पहिले दोन दिवस

पिल्लू मलूल राहील, कमी खाईल, टोचलेली जागा दुखेल. एक-दोन दिवसांत सावरतं. जागा चोळू नका, शेकू नका. आठवडाभर आंघोळ नको.

ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते, आणि कुत्र्यालाही ती विषारी होऊ शकते. अठ्ठेचाळीस तासांनंतरही न खाणं, ताप किंवा जुलाब असतील तर डॉक्टरांना फोन करा.

टोचल्या जागी छोटी गाठ येऊ शकते, काही आठवड्यांत विरते. मांजराच्या गाठीकडे मात्र नीट लक्ष ठेवा: तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा महिनाभरानंतर वाढतच गेली, यातलं एक जरी झालं तरी तपासून घ्यायची.

## टप्पा ८: मधले आठवडे, जिथे घात होतो

पहिला डोस झाला की पिल्लाला खाली न्यायची घाई सुरू होते. मुलं शाळेतून आली की पट्टा बांधून पार्किंगमध्ये. लस टोचली त्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही, आणि या वयात ती लागू पडली की नाही हेही माहीत नसतं. १६ आठवड्यांच्या डोसानंतर दीड-दोन आठवडे जाईपर्यंत भटकी कुत्री फिरतात ती जमीन, बाग, कुत्र्यांची दुकानं, सगळं बंद.

पण चार महिने खोलीत कोंडून ठेवणं हाही उपाय नाही. जग ओळखण्याचं वय साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं. कडेवर घेऊन बाहेर न्या. रिक्षा, शाळेची घंटा, भाजीवाली, ढोल ऐकू द्या, फक्त पाय जमिनीला लागू देऊ नका. लस पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी नेलं तर चालतं.

घरात आधी पार्वोचा रुग्ण होऊन गेला असेल तर नवं, न टोचलेलं पिल्लू आणू नका. तो विषाणू मातीत, फटींत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. आपण भरवशाने ओततो ते फिनेल त्याचं काही करत नाही, वर मांजरांना विषारी ठरतं. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ठेवून पुसा. प्राणी दुसऱ्या खोलीत.

## टप्पा ९: दरवर्षी काय, तीन वर्षांनी काय

रेबीज आणि लेप्टो आपल्याकडे दरवर्षी. पार्वो-डिस्टेंपर गटाचं संरक्षण मोठ्या कुत्र्यात काही वर्षं टिकतं, आणि ती लस तीन वर्षांत एकदापेक्षा जास्त देण्याची गरज नाही असं मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी बरेच दवाखाने दरवर्षी सगळा पॅक देतात, कारण लेप्टो त्यातच येतो. डॉक्टरांना सरळ विचारा: फक्त लेप्टो आणि रेबीज मिळेल का? मिळत नसेल तर पॅक घ्या. लेप्टो बुडवण्यापेक्षा ते बरं.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल, तर केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस निदान दोन आठवडे आधी. आदल्या दिवशी घेऊन सोडलेला कुत्रा खोकतच परत येतो.

तारीख हुकली तर लपवू नका. १६ आठवड्यांपुढच्या पिल्लाचं पार्वो-डिस्टेंपर उशिराने का होईना, पुढे चालू ठेवता येतं. लेप्टोच्या पहिल्या दोन डोसांत सहा आठवड्यांहून जास्त गेले तर तो बहुधा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. कार्ड हरवलं असेल तर झालेच नाहीत असं धरून सुरुवात करा. ‘गावठी आहे, त्याला काही होत नाही’ हा हिशेब धरू नका. न टोचलेलं गावठी पिल्लूही पार्वोने तसंच जातं.

परदेशी न्यायचं असेल तर क्रम उलटा पडू देऊ नका. युरोपीय संघ किंवा ब्रिटनसाठी आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस तिथे धरत नाहीत. व्हिसा हातात आल्यावर सुरू केलंत तर कुत्रा चार-पाच महिने मागे राहतो.

## टप्पा १०: चावलं तर

तुमच्या कुत्र्याला भटका कुत्रा चावला तर हातमोजे घालून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लस वेळेवर झालेली असली तरी लगेच बूस्टर देतात. झालेली नसेल तर ठरावीक दिवसांनी अनेक डोस लागतात, आणि तेवढे दिवस घरच्यांनी, विशेषतः मुलांनी, त्याच्यापासून लांब राहायचं.

तुमचा स्वतःचा, लस झालेला कुत्रा किंवा मांजर कुणाला चावलं, तरी ‘आमच्याला लस झालीय’ म्हणून सोडू नका. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. मग माणसांच्या डॉक्टरांकडे. सरकारी दवाखान्यात ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी कातडीत लस देतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार संरक्षण देणारं इंजेक्शन) द्यायचं का, ते पहिल्याच दिवशी विचारा. जाताना जनावराचं कार्ड सोबत न्या.

चावलेल्या प्राण्याला दहा दिवस बांधून, नजरेखाली ठेवा. रोज खातोय का, पाणी पितोय का, आवाज बदललाय का, लाळ गळतेय का, ते लिहून ठेवा. बदल दिसला तर त्याच दिवशी, नाही दिसला तर अकराव्या दिवशी ज्याला चावला त्याच्या डॉक्टरांना कळवा. कोर्स थांबवायचा की पुरा करायचा, ते त्या डॉक्टरांना ठरवू द्या.